क्लब बंद नाही पडला, लहान झाला : धेंपोची गोष्ट

रिसोडहून बोलतोय.

मागच्या भागाचा आवाज मध्येच तुटत होता, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. खरं आहे. लाईट गेली होती आणि आमचा इन्व्हर्टर माझ्याहून आळशी आहे. म्हणून या भागाचं सगळं बोलणं इथे लिहूनच टाकतोय. बोलताना जे अर्धवट राहिलं ते लिहिताना थोडं नीट केलंय, बाकी भाषा तीच.

आज फुटबॉल. थांबा, लगेच पुढे स्क्रोल करू नका. ऑफसाइड म्हणजे काय ते मी समजावणार नाहीये, आणि मेस्सी भारी की रोनाल्डो हे भांडणही नाही. आज एका अशा क्लबची गोष्ट आहे जो पाच वेळा भारताचा चॅम्पियन झाला, मग खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला, मग स्वतःहूनच राष्ट्रीय लीग सोडून घरी गेला, आणि आठ वर्षांनी परत आला. गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपल्याकडे डेम्पो म्हणतात. गोव्यातली मराठी वर्तमानपत्रं धेंपो लिहितात, म्हणून मीही तेच लिहिणार.

आता रिसोडच्या पोराला हे कुठून सुचलं? आमच्याकडे खेळ म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट, थोडी कबड्डी, आणि सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या वावरात जे काही जमेल ते. पण २०१५ ला मी बीटेकसाठी पुण्याला गेलो आणि तिथे माझा रूममेट निघाला गोव्याचा, डिचोलीचा. खोलीतल्या माझ्या भिंतीवर धोनी. त्याच्या भिंतीवर पेपरातून कापलेला, पिवळा पडलेला एक फोटो. मला वाटलं घरातलं कुणी असेल. तो म्हणाला, "नाही रे, हा क्रिस्तियानो ज्युनियर." मी म्हणालो, रोनाल्डोचा पोरगा का? तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तर ती गोष्ट आधी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

५ डिसेंबर २००४, बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम. फेडरेशन कपची फायनल, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोकडून खेळत होता ब्राझीलचा २५ वर्षांचा स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर. त्याच्या आदल्या सीझनला तो ईस्ट बंगालकडून खेळून लीगचा टॉप स्कोअरर होता. फायनलमध्ये धेंपो २-० ने जिंकला आणि दोन्ही गोल त्याचेच. पण दुसरा गोल करताना मोहन बागानच्या गोलकीपरशी त्याची धडक झाली, तो पडला, आणि पुन्हा उठलाच नाही. माझा रूममेट तेव्हा सात वर्षांचा होता. तो सांगायचा की घरात सगळे आधी गोल झाला म्हणून ओरडत होते, आणि मग हळूहळू एकेक जण गप्प होत गेला. कप जिंकल्याचं नंतर कुणाला आठवलंही नाही.

धेंपोने त्याची १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. सचिनच्या १० नंबरचं नंतर जे झालं तेच, फक्त इथे माणूस क्लबमध्ये काही महिनेच होता. आणि त्याच सीझनला, म्हणजे २००४-०५ ला, धेंपोने पहिल्यांदा नॅशनल फुटबॉल लीग जिंकली.

आता थोडं मागे जाऊ, कारण एवढासा गोवा आणि एवढे मोठे क्लब हे गणित आधी सुटायला हवं.

२०११ च्या जनगणनेत आपल्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १२ लाख होती. गोव्याची साडेचौदा लाख. म्हणजे अख्खं राज्य आपल्या एका जिल्ह्याहून थोडंसंच मोठं. आणि तरी २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात सीझन भारताचा चॅम्पियन गोव्याचाच होता. धेंपो, धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. कोलकाता बघत बसलं. विचार करा, वाशीम, रिसोड आणि कारंज्याच्या टीमनी मिळून सात वर्षं रणजी ट्रॉफी आपसात फिरवली तर कसं वाटेल!

यामागे दोन गोष्टी होत्या. एक, पोर्तुगीज काळापासून गावागावात रुजलेला खेळ. चर्चच्या समोरचं मैदान, देवळाच्या मागचं मैदान, भात कापल्यानंतरचं शेत, सगळीकडे फुटबॉल. दुसरी गोष्ट, लोखंडाची माती. गोव्याच्या डोंगरातलं खनिज बोटी भरभरून बाहेर जात होतं, खूपसं जपानला. त्यातून काही घराणी मोठी झाली : धेंपो, साळगावकर, चौगुले. या घराण्यांनी फुटबॉलला हात दिला. साळगावकर क्लब १९५६ चा. धेंपोंनी साठच्या दशकात क्लब हाती घेतला, त्याची मुळं डिचोलीतली, म्हणून माझ्या रूममेटचा तो "आमचो क्लब". फुटबॉलपटूला कंपनीत नोकरी मिळायची, पगार वेळेवर व्हायचा, संध्याकाळी सराव. सत्तरच्या दशकात याच धेंपोने मुंबईत येऊन कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला. तेव्हा रोव्हर्स ही देशातली फार मोठी स्पर्धा होती, आज तिचं नावही आपल्या पिढीला माहीत नाही.

राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ ला. पहिला चॅम्पियन पंजाबचा जेसीटी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९९८-९९ ला साळगावकर हा लीग जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब ठरला. आणि मग आर्मांदो कुलासोंचा धेंपो आला.

कुलासो हे प्रशिक्षक. धेंपोची पाचही विजेतेपदं त्यांच्याच हाताखाली : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२. यातलं २००७-०८ चं म्हणजे पहिली वहिली आय-लीग. त्या टीमकडे बघितलं तर कळतं की हा पैशाने विकत घेतलेला ढीग नव्हता. महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, ही सगळी गोव्याची पोरं, भारताकडूनही खेळलेली, आणि वर्षानुवर्षं एकत्र. त्यांच्या जोडीला मधल्या फळीत ब्राझीलचा बेटो आणि पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. रँटी म्हणजे मशीन. लीगचा टॉप स्कोअरर होणं हे त्याचं वार्षिक काम होतं. २००८ ला तर धेंपो आशियातल्या एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत पोहोचला आणि लेबनॉनच्या साफा क्लबकडून हरला. भारतीय क्लबसाठी तेव्हा हे केवढं होतं, हे सांगायला मला नीट शब्द नाहीत. माझा रूममेट अजूनही म्हणतो, "तो मॅच आम्ही जिंकायला हवा होता."

मग घसरण. आणि इथे मला एक सोपी गोष्ट मोडायची आहे.

सोपी गोष्ट अशी सांगतात : गोव्यात खाणी बंद पडल्या, पैसा आटला, क्लब बुडाले. खाणी खरंच बंद पडल्या. सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. हजारो ट्रक घराघरांसमोर उभे राहिले. पण धेंपोंनी आपला खाण उद्योग २००९ मध्येच सेसा गोवाला सुमारे १,७५० कोटींना विकला होता. म्हणजे बंदीच्या तीन वर्षं आधी. आणि तो विकल्यानंतरही क्लबने दोन वेळा आय-लीग जिंकली. तेव्हा "खाण गेली म्हणून धेंपो गेला" हे तारखांमध्ये बसत नाही. आम्हा कोडवाल्यांची सवय आहे, लॉगमधल्या वेळा जुळल्या नाहीत तर कारण दुसरीकडे शोधायचं.

पहिलं कारण अगदी साधं आहे. टीम म्हातारी झाली. जे एकत्र वाढले ते एकत्रच तिशी ओलांडू लागले. २०१२ ला रँटी कोलकात्याला गेला. २०१३ ला कुलासो बाजूला झाले. एकाच मुशीतून निघालेल्या टीमचा हा धोका असतो, सगळ्यांची एक्सपायरी डेट जवळपास सारखीच.

दुसरं कारण मोठं आहे, आणि ते समजायला आयपीएल आणि फुटबॉलमधला फरक कळायला हवा. आयपीएलमध्ये तुमची टीम शेवटची आली तर काय होतं? काही नाही. मीम्स बनतात, पुढच्या वर्षी लिलावात पुन्हा पॅडल वर. तिथे जागा विकत घेतलेली आहे. जगभरातल्या फुटबॉलमध्ये मात्र शिडी असते. वरच्या लीगमध्ये शेवटी आलात तर खाली उतरायचं, खालच्या लीगमध्ये पहिले आलात तर वर चढायचं. याला रेलिगेशन आणि प्रमोशन म्हणतात. क्रूर आहे, पण एका छोट्या गावाचा क्लबही पायरी पायरीने देशात पहिला येऊ शकतो, ही आशाही त्याच शिडीत आहे.

डिसेंबर २०१० ला भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी करार केला, १५ वर्षांसाठी, ७०० कोटींचा. त्यातून २०१४ ला आली इंडियन सुपर लीग. रोषणाई, सिनेमातले तारे, परदेशी दिग्गज, आणि शहराच्या नावाच्या नव्या कोऱ्या टीम. आयपीएलचंच मॉडेल, शिडी नाही. गोव्यातही एफसी गोवा उभी राहिली, आणि गंमत बघा, तिच्या मालकांमध्ये सुरुवातीला दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो दोघेही होते. ज्या घरांनी जुने क्लब पाळले तीच घरं नव्या पंगतीतही बसली. याला मी दोष देत नाही. पण जुन्या क्लबच्या खुर्च्या कशा रिकाम्या झाल्या ते यावरून कळतं. संध्याकाळी टीव्हीवर एवढा झगमगाट असताना दुपारच्या उन्हात आय-लीग बघायला कोण जाणार?

२०१४-१५ च्या सीझनमध्ये धेंपो तळाशी अडकला. पाच वेळा चॅम्पियन झालेला क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. मी त्याच वर्षी पुण्यात पोहोचलो, रूममेटची पहिली ओळख झाली तेव्हा जखम ताजी होती. माझा रोनाल्डोचा विनोद किती वाईट वेळी पडला ते आता कळतंय.

तेव्हा पुण्यात अजून एक गोष्ट घडत होती, आणि मला पत्ताही नव्हता. बालेवाडीत खेळणारा पुणे एफसी, जो २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता, त्याची सीनियर टीम त्याच २०१५ ला बंद झाली. पुण्यातलीच दुसरी टीम भारत एफसी, एक सीझन खेळली आणि संपली. त्याआधी २०१० ला मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला होता, २००५-०६ चा राष्ट्रीय चॅम्पियन! आणि तो जेसीटी, देशाचा पहिला चॅम्पियन, २०११ मध्येच गेला. कंपनीने ठरवलं, पत्रक काढलं, झालं. चॅम्पियन असणं कामाला आलं नाही.

हे मला आतून कळतं, आणि त्याचं कारण फुटबॉल नाही. आमच्या भागात एक क्रिकेट मंडळ होतं. मी आठवीत असल्यापासून त्यात. बॅट, मॅट, टूर्नामेंटची एंट्री फी, जाण्यायेण्याच्या गाडीचं डिझेल, सगळं एकच व्यापारी भाऊ द्यायचे. त्यांच्या नावाचे टी-शर्ट होते आमच्याकडे, पिवळे. आम्ही पार लोणार, मालेगावपर्यंत खेळून यायचो. एका दिवाळीनंतर त्यांनी हात आखडता घेतला. त्यांचंही चुकलं नाही, धंदा मंदावला असेल, मन उठलं असेल. आम्ही काय केलं? काहीच नाही. वर्गणी काढू म्हटलं तर कुणी दोनशेच्या वर तयार नाही. लहान पोरांना कुणी शिकवतच नव्हतं, त्यामुळे खालून येणारंही कुणी नव्हतं. दोन महिन्यांत मंडळ संपलं. मॅट अजून कुणाच्या तरी गोठ्यात आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही सगळ्यात आधी हेच बघतो, सगळी सिस्टीम एकाच खांबावर तर उभी नाही ना. ते शिकायच्या आधी मी ते जगलो होतो.

तर धेंपोने वेगळं काय केलं?

आधी जे नेहमी करतात तेच केलं, परत चढले. २०१५-१६ ला आय-लीगची सेकंड डिव्हिजन जिंकून वरच्या लीगचं तिकीट काढलं. एका वर्षात! इथे सिनेमा असता तर संपला असता. पण त्याच २०१६ मध्ये महासंघाने पुढचा आराखडा मांडला : आयएसएल ही देशाची मुख्य लीग, आय-लीग दुसऱ्या पायरीवर, आणि दोघींच्या मध्ये शिडी नाही. म्हणजे तुम्ही कितीही जिंका, वर जायचं दार भिंतीत चिणलेलं. गोव्याच्या क्लबनी विरोध केला. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो, तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. नुकतंच मैदानावर कमावलेलं तिकीट धेंपोने फाडून टाकलं.

या निर्णयाबद्दल माझं मत दोनदा बदललंय. आधी वाटलं, बाणा आहे. मग रूममेटने एक गोष्ट लक्षात आणून दिली. मालकाचा बाणा असतो, पण पंचविशीतल्या डिफेंडरचं काय? त्याची करिअरची उरलेली सहा-सात वर्षं राज्याच्या लीगमध्ये, छोट्या पगारावर जाणार. ज्यांना दुसऱ्या राज्यातले क्लब मिळाले ते गेले, बाकीच्यांचं नाव आपल्याला कधी कळणार नाही. ती किंमत खरी आहे आणि ती मालकांनी भरली नाही.

पण क्लब बंद झाला नाही. हा फरक आहे महिंद्रा आणि धेंपोमध्ये. धेंपो गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये खेळत राहिला, आणि जुन्या गोव्याजवळच्या एला इथली त्यांची अकादमी चालू राहिली. लहान वयोगटाच्या टीम चालू राहिल्या. ब्राझीलहून स्ट्रायकर आणायचा खर्च थांबला, पण चौदा वर्षांच्या पोराला सकाळी मैदानावर उभं करायचं काम थांबलं नाही. विजेतेपदं मिळवणाऱ्या टीममधला समीर नाईक प्रशिक्षक म्हणून क्लबशीच राहिला. क्लिफर्ड मिरांडाही कोचिंगमध्ये गेला, आणि २०२३ ला त्याच्या हाताखाली ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला. म्हणजे कुलासोंच्या त्या टीमने फक्त ट्रॉफ्या दिल्या नाहीत, शिकवणारी माणसंही दिली.

असंच काहीसं ग्रीसमध्ये घडलंय. अथेन्सचा एईके क्लब, १९२४ मध्ये इस्तंबूलहून परागंदा झालेल्या ग्रीक निर्वासितांनी काढलेला. मोठा क्लब, अनेकदा चॅम्पियन. पण कर्ज वाढत गेलं आणि २०१३ ला इतिहासात पहिल्यांदा तो वरच्या लीगमधून खाली गेला. तेव्हा त्यांनी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये धडपडण्याऐवजी थेट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, हौशी क्लब म्हणून सुरुवात केली, म्हणजे जुन्या कर्जाचं ओझं मागे ठेवून. दोन वर्षांत परत वर. २०१८ ला लीग जिंकली, २४ वर्षांनी. २०२२ ला स्वतःचं नवीन स्टेडियम, जुनं २००३ ला पाडलं होतं त्याच जागी. २०२३ ला लीग आणि कप दोन्ही. वाचताना भारी वाटतं. पण एईकेकडे दोन गोष्टी होत्या ज्या धेंपोकडे नव्हत्या. एक म्हणजे परत आलेला श्रीमंत मालक. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, चालू असलेली शिडी. तिसऱ्या डिव्हिजनमधून वर जायचा रस्ता कागदावर लिहिलेला होता, जिंका आणि चढा. धेंपो खाली उतरला तेव्हा वरचं दार बंद होतं. ते उघडेल की नाही हे माहीत नसताना पोरं तयार करत राहणं, याला काय म्हणावं मला कळत नाही. आमच्याकडे आजोबा विहिरीला पाणी लागायच्या आधी संत्र्याची रोपं आणून ठेवायचे. तसं.

दार थोडं उघडलं. २०१९ ला आशियाई महासंघाने भारतासाठी रोडमॅप मान्य केला, त्यात ठरलं की पुढे आय-लीगचा विजेता आयएसएलमध्ये जाईल. आणि खरंच, २०२३ ला पंजाब एफसी गेला, २०२४ ला कोलकात्याचा मोहम्मेडन. शिडीच्या निदान दोन पायऱ्या ठोकल्या गेल्या. इकडे धेंपोने राज्याची लीग पुन्हा जिंकायला सुरुवात केली होती. २०२३-२४ ला ते आय-लीग २ मध्ये उतरले, म्हणजे देशाच्या तिसऱ्या पायरीवर, आणि एससी बंगळुरूच्या मागे दुसरे आले. दोघांनाही प्रमोशन. २०२४ च्या हिवाळ्यात धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये खेळला.

याला पुनरागमन म्हणायचं का? पाच वेळचा चॅम्पियन दुसऱ्या पायरीवर उभा आहे, टाळ्या कुणी वाजवायच्या? मलाही तसंच वाटत होतं. मग आला २५ ऑक्टोबर २०२५.

दिवाळी नुकतीच झाली होती, मी घरीच होतो. डब्यात चकल्या उरलेल्या, अंगणात सोयाबीनची पोती. रूममेटचा मेसेज आला, "फोन उघड. धेंपो खेळतोय." सुपर कप, गोव्यात, समोर ईस्ट बंगाल. आयएसएलचा क्लब, परदेशी खेळाडू, मोठं बजेट. धेंपोच्या टीममध्ये एकही परदेशी नाही, सगळी आपली पोरं, आणि बाजूला उभा समीर नाईक. पहिला गोल धेंपोचा. बाबांनी विचारलं कोणाची मॅच आहे, मी म्हटलं गोव्याची. ते म्हणाले, "काहून बाप्पा, तुले गोव्याचं काय?" मग दुसऱ्या हाफमध्ये ईस्ट बंगालने दोन गोल टाकले, २-१. मला वाटलं, झालं. शेवटच्या मिनिटांत लक्ष्मणराव राणेने बरोबरी केली. २-२. मी पोत्यावरून उठून ओरडलो आणि आमचा कुत्रा पळाला.

तीन दिवसांनी मोहन बागान, देशातला सगळ्यात बलाढ्य क्लब. ०-०. मग चेन्नईयिनशीही ड्रॉ. गटात एकही मॅच जिंकली नाही, पण एकही हरली नाही, आणि पुढची फेरी हुकली. कागदावर हे काहीच नाही. पण मोहन बागानच्या सामन्यानंतर रूममेटने फोन केला तेव्हा तो काही मिनिटं नीट बोलूच शकत नव्हता. २००४ ला फायनलमध्ये समोर हाच क्लब होता ना.

पुढचं कुणालाच ठाऊक नाही. तो १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ ला संपला आणि त्याच्या आधीच आयएसएल खोळंबली होती, मोठमोठ्या क्लबनी सराव थांबवला होता. म्हणजे ज्यांच्याकडे सगळं होतं त्यांनाही कळलं की आपलंही घर एकाच करारावर उभं होतं.

एवढं बोलून झाल्यावर एक खासगी बातमी. मागच्या महिन्यात मी आणि मंडळातले जुने तिघे जण तो गोठा शोधून काढला. मॅट उंदरांनी एका बाजूने खाल्लीये, पण बावीस यार्डांतले पंधरा-सोळा शाबूत आहेत. पिवळे टी-शर्ट नाहीत, कुणाचंच नाव नाही. महिन्याला शंभर रुपये, जो येईल त्याचे. रविवारी सकाळी सातला सहावी-सातवीची अकरा पोरं आली होती, त्यातले दोघं बॅट घेऊन आणि एक फुटबॉल घेऊन. त्या फुटबॉलमध्ये हवा नव्हती. पुढच्या रविवारी पंप आणायचं कबूल केलंय, तेव्हा पुढचा भाग शनिवारीच रेकॉर्ड करेन. लाईट असली तर.